कुणाचं माणूस?

“मला त्यांची माफी नको. शी पाठवा म्हणावं, शी!”

दार अर्धवट उघडं होतं आणि आत कुणी बाई फोनवर बोलत होत्या. मी बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर धरून बसले होते. नोकरीचा पहिला दिवस होता. आतला आवाज आणखी चढला. “उशीर झाला म्हणून माफी मागतायत. माफी घालून मशीन चालतंय व्हय? डबीत घाला, झाकण घट्ट लावा, बर्फात ठेवा अन् सकाळच्या जयसिंगपूर एष्टीत द्या. कंडक्टरनं विचारलं तर लोणचं हाय म्हणून सांगा... न्हाय, न्हाय, त्याला उघडून दाखवू नका!”

आमच्या इंग्रजी शाळेत या गोष्टीला शब्दच नव्हता. दोन बोटं वर करायची, टीचर मान हलवायच्या, आपण गुपचूप निघून जायचं. पुढे कॉलेजात मी ‘स्टूल सॅम्पल’ म्हणायला शिकले आणि मला वाटलं, प्रश्न सुटला. त्या सकाळी बाकावर बसल्या बसल्या लक्षात आलं, की जो शब्द मी जन्मात कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता, त्याच्यावरच आता माझं पोट चालणार होतं.

आत बोलावणं आलं. टेबलामागे एक बुटक्या, गोल बाई बसल्या होत्या. इरकली साडीवर पांढरा कोट, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. मी नमस्कारासाठी हात जोडले.

“नमस्कार मागनं. आधी नळ,” त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट दाखवलं. मी हात धुवून आले. “नाव काय?”

मी सांगितलं.

“मला ऐकू आलं न्हाय. तुझं नाव तुलाच सांगितलंस काय?”

या गिरिजाक्का. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाआधी डॉक्टर होतं, पण शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. जन्म शिरोळकडचा, कृष्णेच्या काठावरचा. घरात कानडी, दारात मराठी. पुण्यात विषाणूंवर संशोधन करून आल्या होत्या, पण तिथली भाषा तिथेच ठेवून. आमच्या भागातल्या जुन्या बायकांसारख्या त्या ‘मी आलो, मी जातो, मी जेवलो’ असंच बोलायच्या, मग समोर मोठा साहेब असो की भाजीवाली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं रक्त काढून घेतलं. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाचं त्या घ्यायच्या. आमचं काम काविळीच्या विषाणूवर, तेही पाण्यातून, अन्नातून पसरणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या. तो शरीरात एकदा येऊन गेला की रक्तात त्याची खूण राहते आणि तो पुन्हा बाधत नाही. सगळ्यांच्या रक्तात खूण होती. अक्कांच्या होती, तंत्रज्ञ शिंद्यांच्या होती, फरशी पुसणाऱ्या मावशींच्याही होती. माझ्यात काही नव्हतं.

“हिचं रक्त कोरं हाय!” अक्कांनी कागद नाचवत सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. “लहानपणी उकळलेलं पाणी पीत हुतीस?”

“हो.”

“शाळेत बाटली न्यायचीस?”

“हो.”

“कुणाशी भांडलीस कधी?”

“नाही.”

“तरीच.” त्या खुर्चीत बसल्या. “ध्यानात ठेव. लहानपणी झालेली कावीळ अन् लहानपणी केलेलं भांडण, दोन्ही अंगाला लागत न्हाईत. मोठेपणी गाठ पडली की माणूस आडवं हुतंय.”

गंमत वाटली तरी हे खरंच होतं. हा विषाणू पोरांना भेटला तर चार दिवस तापसर वाटून जातो, मोठ्यांना भेटला की महिना महिना अंथरुणात. त्याच दुपारी मला हाताला धरून त्या लस टोचायला घेऊन गेल्या. तरी माझं नाव पडायचं ते पडलंच. त्या दिवसापासून मी ‘कोरी’ झाले. “ए कोरे, हिकडं ये,” अशी हाक आली की चौकीदारसुद्धा मला शोधू लागे.

आमच्या कामाचं मर्म त्यांनी मला प्रयोगशाळेत नव्हे, एष्टी स्टँडवर शिकवलं. नमुन्याची डबी उतरवून घ्यायला आम्ही तिथे जायचो. बाकावर बसून त्या शेजारच्यांचं बोलणं ऐकायच्या आणि माझ्या कानात सांगायच्या. “ती बाई कागलकडची. तो पांढऱ्या टोपीवाला शिरोळचा, पण बायकू सीमेपलीकडची, बघ कसा मधीच कानडी ‘अव्वा’ म्हणतोय.” मग खात्री करून घ्यायला सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहायच्या. “पावणं, गाव कुठलं म्हणायचं?” क्वचितच चुकायच्या.

“विषाणूचंबी तसंच,” त्या म्हणाल्या. “त्याच्या पोटात काही हजार अक्षरांची एक लांब ओळ असती. एका माणसातनं दुसऱ्यात जाता जाता कधी एखादं अक्षर बदलतंय. वर्षं गेली, गाव बदललं, की बोली येगळी पडती. ज्यांची बोली तंतोतंत एक, त्यांचं घर एक. आपण काय करायचं? ऐकायचं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझं बोलणं ऐकून मात्र तू कुठली हे ब्रह्मदेवालाबी कळायचं न्हाय.”

त्या ओळीतला एक तुकडा आम्ही आमच्याकडे वाढवायचो आणि वाचायला पुण्याला पाठवायचो. तिथून अक्षरं यायची. अ‍ॅडेनिन, सायटोसिन वगैरे चौघांची आद्याक्षरं, एकापाठोपाठ एक. दोन रुग्णांची अक्षरं जुळवून बघायला संगणक होता, पण अक्कांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्या आधी हात धुवायच्या, गळ्यातली लिंगाची डबी कोटाच्या आत सरकवून वरचं बटण लावायच्या, एका रुग्णाचा कागद माझ्या हातात द्यायच्या आणि दुसऱ्यावर स्वतः बोट ठेवायच्या. “वाच मोठ्यानं.” मी ए, सी, जी, टी असं वाचत जायचे, त्यांचं बोट सरकत जायचं. माझा आवाज खोलीबाहेर ऐकू जाई तो तेवढ्याच वेळी.

अक्कांची खरी प्रयोगशाळा मात्र भरायची रविवारी, कागलच्या पुढे एका गावात. तिथे यल्लाप्पामामा काविळीचं औषध देत. कसला तरी पाला दह्यात वाटून तो द्रोणातून पाजायचा. पहाटेपासून रांग लागायची. रिवाज असा, की रोग्यानं उपाशी यायचं आणि औषध पोटात जाईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. बोललं की औषध लागू पडत नाही. त्यामुळे बरोबर कुणीतरी लागायचंच. नंबर आला की मामा रोग्याकडे न बघता विचारायचे, “कुणाचं माणूस?” बरोबर आलेल्यानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगायचं, “माझं माणूस!” मगच द्रोण पुढे व्हायचा. नवरा, आई, भाऊ, शेजारी, कुणीही चालायचं. पण कुणीतरी म्हणायला हवं.

शास्त्रज्ञ बाईंनी असल्या रांगेत उभं राहणं आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, पसंत नव्हतं. “आपण याला मान्यता दिल्यासारखं होतं,” ते म्हणाले.

“सर, मी औषध आणायला न्हाय जात, शी आणायला जातो,” अक्का म्हणाल्या. “दवाखान्यात येत्यात मूठभर. तिथं सगळी जत्रा येती. विषाणू जिथं असतोय तिथं आपण जायला नको व्हय?”

मामांशी त्यांचा एक करार होता. पोटुशी बाई आली, कुणी गुंगीत बोलायला लागलं, कुणाला रक्ताची उलटी झाली, की द्रोण नाही, सरळ दवाखाना. मामा तो पाळायचे. त्याच्या बदल्यात अक्का त्यांच्या औषधाविषयी चारचौघांत काही बोलायच्या नाहीत. माझ्याकडे मात्र म्हणायच्या, “ही कावीळ औषधानं जात न्हाय. यायची तशी येती, जायची तशी जाती. म्हाताऱ्याचं नाव हुतंय, होऊ दे.” आणि मामा दर रविवारी हसून विचारायचे, “अक्का, तुमी कवा घेणार माझं औषध?” अक्का म्हणायच्या, “घेऊ की एकदा. घाई काय हाय?”

मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा माझ्या हातात रिकाम्या डब्या होत्या आणि तोंडाला कुलूप. एका म्हाताऱ्या रोग्याच्या सुनेजवळ जाऊन मी कुजबुजले, “सॅम्पल मिळेल का?”

“काय मिळंल?”

“सॅम्पल... म्हणजे...”

रांगेच्या दुसऱ्या टोकाहून अक्का गरजल्या, “पावणं, परसाकडचं द्या म्हणतीया ती! लाजू नका. हिच्याकडं द्या, माझ्याकडं द्या, कुणाकडंबी द्या!”

सगळी रांग हसली. ज्यांना बोलायची मनाई होती ते पिवळ्या डोळ्यांचे लोकही हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. ते दृश्य मी विसरलेले नाही. आणि डब्या भरून मिळाल्या.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी शहरातल्या मुलींच्या एका वसतिगृहात कावीळ पसरली. मुली चांगल्या घरच्या, लहानपणापासून पाणी उकळून प्यायलेल्या. माझ्यासारख्याच कोऱ्या. एकामागून एक आजारी पडल्या. एक तर फार गंभीर होऊन मोठ्या दवाखान्यात गेली. पालक धावत आले, आणि मग सुरू झालं, कुणामुळे?

त्यांना जेवणाचा डबा यायचा रुकसानाभाभींकडून. वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा रंगकाम करायचा, डब्यांवर घर उभं होतं. त्यांचा मुलगा अमीन त्याच आठवड्यात पिवळा पडला होता. लोकांना तेवढं पुरलं. तो मुलींच्या आधी नव्हे, मुलींबरोबरच आजारी पडला होता, हे कुणी ऐकून घेईना. डबे त्याच दिवशी बंद झाले. रेक्टरबाई शांत आवाजात म्हणाल्या, “असल्या घरचं घ्यायचंच कशाला होतं?” ‘असल्या’ म्हणजे कसल्या, ते कुणी विचारलं नाही. घरमालकानंही खोल्या सोडायचं सुचवून ठेवलं. पंधरा दिवसांनी वसतिगृहात बैठक ठरली, तिथे कायमचा निर्णय व्हायचा होता.

भाभी आमच्याकडे आल्या त्या दोन्ही हात पुढे पसरूनच. “अक्का, माझ्या हातात रोग हाय काय तेवढं बघा.”

“हात बघायला मी जोशी हाय व्हय?” अक्का म्हणाल्या. भाभींच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्यांनी सूर बदलला नाही. “पोराची शी आणलीया? द्या. अन् डबा आणलाय काय? मला भूक लागलीया.”

भाभींना वाटलं, थट्टा आहे. पण दुसऱ्या दिवसापासून अक्कांचा डबा भाभींकडून यायला लागला. भाभींनी त्यांच्यासाठी शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी काढली. अक्का तो डबा प्रयोगशाळेत खायच्या नाहीत. वसतिगृहाच्या फाटकासमोर एक पार होता, त्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं खायच्या. “मला काय हुतंय? माझी कावीळ कृष्णेच्या पाण्यात कवाच झालीया.”

पुण्याहून अक्षरं आली. हात धुतले, बटण लावलं. मी वसतिगृहातल्या मुलींची अक्षरं वाचत गेले, अक्कांचं बोट अमीनच्या कागदावरून सरकत गेलं. कुठेच अडलं नाही. तंतोतंत एक.

सर म्हणाले, “मग झालं तर. सिद्ध झालं.”

“काय सिद्ध झालं?” अक्का उभ्या राहिल्या. “दोन माणसं कागलची बोली बोलाय लागली म्हंजे ह्यानं त्याला शिकवली असं हुतंय काय? दोघंबी कागलची असतील! अक्षरं एक म्हंजे घर एक, सर. ते घर कुणाचं, हे अक्षरं सांगत न्हाईत.”

“मग कुणाचं?”

गल्लीतल्या पाण्याचे नमुने आम्ही घेतले होते, त्यांत काही मिळालं नव्हतं. ही कावीळ महिनाभर पोटात बसते आणि मग डोळ्यांत उतरते. ज्या पाण्यातून ती आली ते पाणी केव्हाच वाहून गेलेलं असतं. त्या दिवशी पायऱ्या उतरताना अक्का स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “आपलं कामच असलं हाय, कोरे. आपण नेहमी महिनाभर उशिरा पोचतो.” त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

बैठकीच्या आधीच्या रविवारी आम्ही मामांच्या रांगेत गेलो. रांगेच्या मध्यावर एक तिशीतला माणूस एकटाच उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, सोन्याचं घड्याळ, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि डोळे झेंडूसारखे पिवळे. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. “बसाप्पाअण्णा. कापडाचं दुकान. ह्याच्या आजोबांपास्नं वळखतो मी.” घरच्यांना कळू नये म्हणून तो एकटा आला असावा. कावीळ म्हणजे घाणीचा आजार, असं आमच्याकडे मानतात आणि अण्णांचं घर स्वच्छतेत कडक.

त्यांचा नंबर आला. मामांनी विचारलं, “कुणाचं माणूस?”

अण्णांना बोलायची सोय नव्हती आणि बोलणारं कुणी बरोबर नव्हतं. मागचे लोक कुरकुरायला लागले. मामा परत म्हणाले, “अरं, कुणाचं माणूस हाय हे?” अण्णांनी मान खाली घातली. एवढा मोठा दुकानदार, पण त्या क्षणी शाळेतून घरी न्यायला कुणी न आलेल्या पोरासारखा दिसत होता.

“माझं माणूस हाय!” अक्का ओरडल्या. “द्या त्याला!”

औषध पोटात गेल्यावर अण्णांची जीभ सुटली ती थांबेना. हे कसं झालं मला? मी बाहेर चहा पीत नाही. लग्नाला गेलो तर तांब्या घरचा नेतो. दुकानात गिऱ्हाइकांना थंड पाजतो, पण स्वतः घोट घेत नाही. “अक्का, कुणाच्या घरचं पाणी आजवर माझ्या तोंडाला लागलेलं न्हाय!”

अक्कांचे डोळे बारीक झाले. “राहता कुठं आता?”

अण्णांनी गल्लीचं नाव सांगितलं. ती वसतिगृहाच्या दुसऱ्या अंगाची, पक्क्या घरांची गल्ली. भाभींच्या गल्लीशी तिचा काही संबंध नव्हता. फक्त पाणी एका वेळी यायचं.

“कोरे,” अक्का हळूच म्हणाल्या, “डबी दे.”

त्यातला तुकडा वाढवून झाला तसे शिंदे स्वतः तो घेऊन पुण्याला गेले. बैठकीच्या दिवशी सकाळी अक्षरं आली. मी वाचत होते. अर्ध्यावर मी वाचता वाचता वर बघितलं. “थांबू नगंस,” अक्का बोट न उचलता म्हणाल्या. शेवटचं अक्षर झालं. त्यांनी बोट कागदावर तसंच दाबून ठेवलं. अमीन आणि बसाप्पाअण्णा यांच्या विषाणूंत एकाही अक्षराचा फरक नव्हता.

बैठक वसतिगृहाच्या जेवणघरात होती. पालक, रेक्टरबाई, सर, पाण्याचं काम बघणारे एक इंजिनिअर. भाभी दाराशी उभ्या होत्या, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. अक्कांनी आधी त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि मग बोलायला सुरुवात केली. मी प्रोजेक्टरवर अक्षरांचे कागद ठेवत होते. अक्का म्हणाल्या, “पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ हायत. त्यांचं नाव मी सांगणार न्हाय. ह्या डब्यातला घास त्यांनी कधी खाल्लेला न्हाय, खाणारबी न्हाईत...”

“नाव कशाला लपवताय? ते गृहस्थ मीच.”

मागे अण्णा उभे राहिले होते. अक्कांनी त्यांना नुसतं कळवलं होतं, बोलायला सांगितलं नव्हतं. ते अवघडलेले होते, पण उभे होते. “मी कुणाच्या घरचं पाणी पीत न्हाय, सगळ्या पेठेला म्हाईत हाय. माझ्या नळाचं तेवढं पितो. अन् अक्का म्हणत्यात, त्या पोराच्यात अन् माझ्यात एकच विषाणू. मग मधी डबा कुठनं आला?”

रेक्टरबाई कागदांशी चाळा करत राहिल्या. मग इंजिनिअर हळूच म्हणाले, “नळाचं बघायला पाहिजे.” रस्ता खणला तेव्हा गटाराला खेटून एक जुना जोड सापडला, सडून भोकं पडलेला. अक्का खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसून त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, “सापडलं घर.”

डबे सुरू झाले. भाभींनी खोल्या सोडल्या नाहीत. अण्णा आजही बाहेरचं पाणी पीत नाहीत, फक्त आता घरचंही उकळून पितात. “पुढची पिढी कोरी ठेवायची सोय,” असं अक्का त्यांना तोंडावर म्हणायच्या.

त्यानंतर काही वर्षांनी मी पुण्याला गेले. इथली प्रयोगशाळा मोठी आहे. नमुने कुरियरनं येतात, डबीवर नाव नसतं, आकडा असतो. अक्षरं जुळवायला मोठ्यानं वाचावी लागत नाहीत. दिवसचे दिवस कुणी कुणाशी बोलत नाही आणि एके काळी मला हेच हवं होतं. आता मात्र संगणकाच्या पडद्यावर दोन ओळी तंतोतंत जुळल्या, की माझं बोट आपोआप पडद्यावर जाऊन टेकतं आणि मी वाट बघते, कुणीतरी ओरडेल. “कोरे, थांबू नगंस.” स्टँडवर कुणाचं बोलणं कानावर पडलं की मी गाव ओळखायचा प्रयत्न करते. बहुतेक वेळा चुकते. विचारून खात्री करून घेण्याचं धाडस होत नाही.

अक्का कामाशिवाय फोन करायच्या नाहीत. “फोनवर ओरडल्यागत हुतंय,” म्हणायच्या. फोन आला तो भाभींचा. “अक्कांचे डोळे पिवळे झाल्यात,” भाभी म्हणाल्या. क्षणभर मला ते विनोदी वाटलं. अक्कांना कावीळ? मग भाभींनी उरलेलं सांगितलं. ही कावीळ विषाणूची नव्हती. स्वादुपिंडाजवळ गाठ होती. डॉक्टरांनी उघडून बघितलं होतं आणि परत शिवलं होतं.

मी महिनाभर उशिरा पोचले होते.

त्या गादीवर बसून होत्या. अर्ध्या उरल्या होत्या, साडी मात्र इरकलीच. मी आत गेले आणि काही बोलायच्या आधी त्यांनी बोट दाखवलं. “आधी नळ.” मी हात धुवून आले. शिरोळहून आलेला भाऊ दारामागे रडत होता. “त्याला सांग, रडायचं तर गावाकडं जाऊन रड,” अक्का म्हणाल्या. आवाजाला धार होती, जोर नव्हता. मग म्हणाल्या, “उद्या रविवार हाय. मामाकडं न्हेशील?”

“अक्का, तुम्हाला माहीत आहे ना, की त्या औषधानं...”

“औषध कुणाला पाहिजे? मला रांगेत उभारायचंय.”

भाभींच्या अमीननं रिक्षा आणली. तो आता रुंद खांद्यांचा तरुण झाला होता. गावाबाहेर रिक्षा थांबली, तशी अक्कांनी ओठांवर बोट ठेवून मला खुणेनं सांगितलं, आता बोलणं बंद. रिवाज म्हणजे रिवाज. अमीननं खुर्ची आणली होती, ती त्यांनी हातानं लांब सारली. माझ्या दंडाला धरून त्या उभ्या राहिल्या. रांग पहिल्याइतकी लांब नव्हती. पुढच्या एका बाईच्या पोरानं मातीतला खडा तोंडात घातला, तशा अक्कांनी डोळे वटारले आणि त्याला हात धुवायची खूण केली. पोरगं घाबरून नळाकडे पळालं. अक्कांचे खांदे हलले. आवाज नाही, नुसते खांदे.

एकेक माणूस पुढे सरकत होतं. “कुणाचं माणूस?” “माझं.” “कुणाचं माणूस?” “माझं माणूस, मामा.”

आमचा नंबर आला. यल्लाप्पामामा फार थकले होते, डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते. त्यांनी अक्कांना ओळखलं नाही. ओळखलं असतं तरी रोग्याकडे बघायची रीत नव्हती.

“कुणाचं माणूस?”

मी सांगितलं. म्हणजे माझे ओठ हलले.

“ऐकू आलं न्हाय,” मामा म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे मान वळवली. पिवळे डोळे, त्यांत तेच जुनं मिश्कील काहीतरी. त्या काहीच बोलू शकत नव्हत्या. माझ्या दंडावरची त्यांची बोटं तेवढी घट्ट झाली, कागदावर दाबायची तशी.

मी डोळे मिटले आणि रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी ओरडले, “माझं! माझं माणूस हाय की!”